आतून रंगवलेली शेगडी

अन्याय झाला तो तिघींवर. गुलाबबाई, तिची जाऊ शेवंती, आणि पुलाच्या टोकाला बसणारी मथुरामावशी. कधी झाला तेही सांगते, कारण "मागे काहीतरी झालेलं" असं म्हणून गावाने ही गोष्ट धुऊन टाकलीय. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, कळव्याच्या खाडीपुलाखाली घातलेल्या मांडवात, फोटोवाल्याच्या समोर. त्या दिवशी साहेबांचा वाढदिवस होता. साहेब कोण हे कळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. या तिघी पुलाखाली बसून मासे भाजून विकायच्या आणि दुसऱ्या दिवशी गावदेवीची जत्रा होती, म्हणून साहेबांनी तिघींना आपल्या हस्ते तीन नव्या शेगड्या वाटल्या. पत्र्याचा ड्रम मधोमध उभा कापलेला, खाली चार पाय, वर जाळी. बाहेरून निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत साहेबांचं नाव. आणि आतून, जिथे कोळसा पेटतो, तिथे लालभडक तेलरंग. दोन हात दिलेला.

मांडव टाळ्या वाजवत होता. एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तो शेगडीत डोकं घालून उभा होता आणि नखाने रंग टोकरत होता. ते आमचे घरमालक.

त्यांच्या मागच्या खोलीत मी आणि आई भाड्याने राहायचो. मी त्यांना काका म्हणायचे. गावातली पोरं त्यांना खरवड्या म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. काकांना रंग सहन होत नसे. एखाद्याला आवडत नाही तसं नव्हे. रंगवलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, बोलता बोलता लक्ष उडायचं, आणि खाकी पिशवीतून हत्यार बाहेर यायचं. त्या पिशवीत लांबीची पत्ती, तारेचा ब्रश, बोथट पटाशी, कॉस्टिक सोड्याचा डबा आणि कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे कायम असायचे. माणसं छत्री घेऊन निघतात, तसे ते ही पिशवी घेऊन निघायचे.

त्यांच्या घराला कुठेही रंग नव्हता. सागाचं उघडं दार, तेल पुसलेले खिडकीचे गज, नुसत्या गिलाव्याच्या भिंती. आईने एकदा ओट्याजवळची भिंत पिवळी करून घेतली आणि ती नळावर गेली. परत आली तर काका स्टुलावर चढून भिंत खरवडत होते. आई म्हणाली, अहो, आम्ही राहतो इथे. ते म्हणाले, राहा की, पण भिंतीचं तोंड बंद करू नका. दोन दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

शहाडला भाचीच्या लग्नाला गेले, तर पंगत उठेपर्यंत मुलीकडच्या दाराची चौकट एका बाजूने नागडी करून ठेवली. कल्याणच्या बाजारात एका जुन्या पेढीचा खांब खरवडताना पकडले गेले आणि मार खाऊन आले. डोळा सुजलेला, सदरा फाटलेला, आणि आईला आनंदाने सांगतायत, खाली शिसव होतं हो. शिसवावर हिरवा तेलरंग, आणि मारतात मला.

हे सगळं आज हसून सांगता येतं. ज्याची चौकट गेली त्याला तेव्हा हसू आलं नव्हतं. काका चांगले होते असं मी म्हणत नाही. ते हट्टी होते, दुसऱ्याच्या वस्तूला स्वतःची समजायचे, आणि माफी मागणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

तरुणपणी ते ठाण्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. नवा रंग पत्र्याच्या पट्टीवर लावायचा, पट्टी भट्टीत तापवायची, रंग कधी फुगतो, कधी फाटतो, धूर कसा येतो ते बघायचं, वास घ्यायचा. वर्षानुवर्षं तो वास घेऊन त्यांचं नाक मेलं. अगदी पूर्ण. बोंबील आणि मोगरा त्यांना सारखाच. त्यामुळे घरात वास घेण्याचं काम माझ्याकडे आलं. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, भात लागला का, सगळ्याला एकच हाक यायची, "इकडे ये, वास घे आणि सांग." मी सांगितलेलं ते न तपासता मानायचे. माझं दुसरं कुठलंही म्हणणं त्यांनी कधी मानलं नाही.

त्यांचं एक आवडतं बोलणं होतं. रंग लावणाऱ्याला आधी विचारायचं, बाबा रे, काय झाकतोयस. नव्या इमारतीकडे बघून म्हणायचे, पुढाऱ्याच्या गाडीकडे बघून म्हणायचे, एकदा आमच्याकडे मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही म्हणाले. पाहुण्यांनी भिंतीला डिस्टेंपर लावा असं सुचवलं होतं.

माझं आणि त्यांचं वाजलं ते भिंतीवरूनच. आम्हा काही मुलींचा एक गट तेव्हा गावाच्या पाण्यासाठी लढत होता. वरच्या आळीला दिवसाआड पाणी, साहेबांच्या बंगल्याला बारमाही. मी आणि दोघी मैत्रिणींनी शाळेच्या आवाराच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं, पाणी कुणाच्या बापाचं. सकाळी जाऊन बघते तर भिंत कोरी. मला वाटलं साहेबांची माणसं. घरी आले तर काका हात धूत होते आणि मोरीत लाल पाणी. मी तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, त्या भिंतीला पाणी नको होतं. ज्याला हवंय त्याच्या हातात कागद दे, म्हणजे तो तुझ्या तोंडाकडे बघेल आणि प्रश्न विचारेल. प्रश्नाला घाबरतेस म्हणून भिंतीवर लिहितेस.

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. पण पत्रकं काढायला लागले ती तेव्हापासून. दारोदार जाऊन द्यायला लागले, आणि लोक खरंच प्रश्न विचारायला लागले, काही प्रश्नांनी रडूही आलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता शेगड्यांकडे येते.

मांडवातून साहेब गेले, फोटोवाला गेला. काकांनी मला हाताला धरून मथुरामावशीच्या शेगडीपाशी नेलं, खिशातून काडेपेटी काढली, टोकरलेली रंगाची खपली पत्तीवर ठेवली आणि खालून काडी धरली. म्हणाले, वास घे. मी वाकले आणि मागे झाले. गोडसर, डोळ्यांत जाणारा, घशाला चिकटणारा वास. मी सांगितलं. काकांनी विचारलं, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते का. येत होती. त्यांचा चेहरा बदलला. त्यांना चिडलेलं मी रोज बघायचे, घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हा रंग कुणी लावला हे शोधायला लांब जावं लागलं नाही. गुलाबबाईच्या धाकट्या भावाने. तो कोळीवाड्यात होड्या रंगवायचा आणि हात चांगला म्हणून नाव होतं. काकांनी त्याला विचारलं तेव्हा तो अभिमानाने सांगायला लागला. खाडीच्या वाऱ्यावर उघडं लोखंड म्हणजे एका पावसाळ्याचा माल. होडी बाहेरून कितीही रंगवा, आतून कोरी ठेवली की आतूनच कुजते. म्हणून त्याने शेगड्या होडीसारख्या केल्या, आधी पोट, मग पाठ. पोटाला रंग कुठला, तर होडीच्या तळाला लावतात तो, शिल्लक होता. सगळ्यात टिकाऊ तोच.

होडीच्या तळाला तो रंग लावतात ते शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून. चिकटायला आलेला जीव मरावा म्हणून त्यात विष घातलेलं असतं. कोळीवाड्यात ते पोरासोरांना माहीत आहे, ओल्या तळाला कुणी हात लावत नाही. पण तो रंग जन्मभर थंड पाण्यात राहतो. विस्तवावर त्याचं काय होतं हे बघायची पाळी होडीवाल्यावर कधी येतच नाही. भावाचं चुकलं ते एवढंच. आणि त्याने विचारलं होतं. साहेबांचा एक माणूस होता, कायम पांढरे बूट घालणारा, शेगड्यांचं सगळं तोच बघत होता. भावाने त्याला विचारलेलं की आतून रंग कशाला, विस्तव पडणार आहे. पांढऱ्या बुटांनी सांगितलं, फोटो वरून काढणार, आत गंज दिसता कामा नये, चकचकीत पाहिजे. ड्रम कुठल्यातरी कारखान्याचे जुने होते. आत काय काय डाग होते ते भावाने बघितलेले. रंगाखाली गेले.

काय झाकतोयस, याचं उत्तर हे होतं.

मथुरामावशी आणि शेवंतीने ऐकलं. मावशीने आधी कटकट केली, म्हणाली, खरवड्या, माझी शेगडी भोकं पाडून देशील. पण दिली. काकांनी त्याच संध्याकाळी काम काढलं. चुना आणि कॉस्टिकची दाट लापशी करून आतून थापली, वर ओलं गोणपाट दाबलं. आम्हाला हात लावू दिला नाही. गोणपाट काढलं तेव्हा रंग सायीसारखा सुरकुतला होता. तो त्यांनी ओला असतानाच पत्तीने उतरवला. कोरडा घासायचा नाही, धूळ नाकात जाते, हे दहादा बजावलं. खपल्या कागदात बांधून वेगळ्या ठेवल्या. मग चिंचेचं पाणी, मग साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. सकाळी खाडीकाठच्या चिखलात, माणसांपासून दूर नेऊन दोन्ही शेगड्यांत करवंट्यांचा जाळ केला. जाळ विझला की मी वास घ्यायचा. पहिल्या जाळाला मी नाही म्हटलं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला नुसता करवंटीचा वास आला. मग त्यांनी तेलाचा बोळा फिरवला आणि म्हणाले, आता यात देवाचा नैवेद्य भाज.

बाहेरच्या निळ्या रंगाला आणि साहेबांच्या नावाला त्यांनी हात लावला नाही. शेवंती सारखी म्हणत होती, नाव जाऊ देऊ नका, नाव गेलं तर जागा जाईल. काकांनी स्वतःचा डावा हात उजव्याने धरून ठेवला होता. हे मी बघितलंय.

गुलाबबाईने शेगडी दिली नाही.

ती तिघींत पुढे बसायची, जत्रेच्या वाटेवर. पांढऱ्या बुटांनी तिला सांगून ठेवलेलं की दिवेलागणीला साहेब येणार, तुझ्या शेगडीवरचा मासा खाणार, फोटो निघणार, शेगडी जशी दिली तशी पाहिजे. आणि दुसरी गोष्ट, रंग भावाचा. काका तिच्या उपड्या टोपलीवर बसून तिला समजावत होते, आवाज न चढवता, जे त्यांना कधी जमलं नव्हतं. ती कोळंबी सोलत राहिली. मग म्हणाली,

"माझा भाव मना विष देल व्हय?"

काका टोपलीवरून उठले. तिने सकाळी नारळाची सोडणं पेटवून शेगडी तासभर तापवली आणि म्हणाली, बघ, गेला वास. मी वास घेतला. गेला नव्हता, वरचा तेवढा गेला होता, खालचा तसाच होता. मी सांगितलं. तिने मला सुनावलं की तुम्ही पत्रकवाल्या, तुम्हाला साहेबांच्या सगळ्यालाच वास येतो. त्यात थोडं खरंही होतं.

संध्याकाळी जत्रा भरली. ढोल, पाळणे, फुगे, गजरे. पुलाखाली तिन्ही शेगड्या पेटल्या. काका गुलाबबाईच्या शेगडीसमोर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, इथे खाऊ नका, मागे त्या दोघींकडे खा. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, खरवड्याला आज माशावर रंग दिसला. गुलाबबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने नव्हे. वर्षाचा तो एक दिवस, आणि हा म्हातारा गिऱ्हाईक परतवतोय. तिने त्यांना हात जोडले, मग शिव्या दिल्या. पांढऱ्या बुटांची दोन पोरं आली आणि काकांना दंडाला धरून खांबापाशी नेऊन उभं केलं. त्यांचे हात सोडले नाहीत. मी सोडवायला गेले तर मलाही ढकललं.

साहेब आलेच नाहीत. त्यांना दुसरा कार्यक्रम लागला.

कोळसा पूर्ण फुलला तेव्हा शेगडीच्या पोटातला रंग उठायला लागला. आधी फोड आले, मग फोड फुटले, खपल्या निखाऱ्यांवर पडल्या आणि पिवळट धूर खालच्या खाली सरपटला. जाळीवर जिताड्याचे तुकडे होते. लोक हातात द्रोण घेऊन उभे होते. पहिल्यांदा गुलाबबाईला ठसका लागला. मग खाऊन गेलेला एकजण देवळाच्या कट्ट्यापाशी वाकला. मग त्याच्या शेजारचा. मग एक बाई पदर तोंडाला लावून खाली बसली. ढोल चालूच होता आणि त्याच्या आवाजात माणसं ओकत होती. धरून ठेवणारी पोरं पळाली तेव्हा काका सुटले. त्यांनी बादलीत गोणपाट बुचकळलं आणि जळत्या शेगडीवर टाकलं. गुलाबबाई तिथेच बसली होती, हातात चिमटा, आणि अंगावर ओकली होती. तिने दिवसभरात काही खाल्लं नव्हतं. नुसता धूर.

रिक्षांतून माणसं दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी घरी आली, हे नशीब. त्या गडबडीत काकांनी मला हाक मारली, एक हातगाडी मिळवली, आणि आम्ही दोघांनी ती शेगडी, गोणपाटासकट, घराच्या मागच्या अंगणात आणून ठेवली. मला वाटलं आता हे बसणार खरवडायला. ते म्हणाले, या शेगडीला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. तपासायला सरकारी माणूस येईल, त्याला दाखवायची आहे.

सकाळी गावात ठरलं होतं की मासे शिळे होते. दुपारी त्यात भर पडली की मासे शिळे होते आणि खरवड्याने शेगड्यांत ॲसिड ओतलं होतं. ज्या दोन शेगड्यांना त्यांनी हात लावला त्यांवरचं खाऊन एक माणूस आजारी पडला नव्हता. जिला हात लावू दिला नाही तिच्यापाशीच माणसं पडली. हे मी पत्रकात लिहिलं, घरोघर जाऊन सांगितलं. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, पण ॲसिड होतं ना त्याच्या पिशवीत. तिघींनाही पुलाखालून उठवलं. तिघींनाही. त्यांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या टाक्या आणून उभ्या केल्या, अजून आहेत.

तपासायला माणूस येणार होता. काका रोज सकाळी दाढी करून अंगणात खुर्ची टाकून बसायचे. समोर ती शेगडी. अर्धा रंग जळून काळा पडलेला, अर्धा फुगून चिकटलेला, एका बाजूला अजून लालभडक. त्यांचे हात थांबायचे नाहीत. ते हात काखेत दाबून बसायचे. जेवताना पाठ करून बसायचे. आई म्हणाली, अहो, झाका तरी. ते म्हणाले, झाकायचं असतं तर भांडण कसलं होतं. माणूस आला नाही.

आले ते पांढरे बूट. बरोबर गुलाबबाई होती, मान खाली घातलेली. तो खुर्ची न मागता शेगडीच्या पायावर बूट टेकवून उभा राहिला आणि गोड बोलायला लागला. काका, झालं गेलं. तुमच्यावर ॲसिडची तक्रार होती, ती पुढे जाणार नाही. या बायकांचा धंदाही बुडायला नको. सोमवारपासून तिघींना जागा परत. फक्त ही शेगडी स्वच्छ करून द्या, तुमच्याच हाताने. तुमचा तर छंद आहे.

त्याने काकांची खाकी पिशवी ओसरीवरून उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

मी म्हणाले, काका, नाही. एवढा एकच पुरावा आहे. काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते गुलाबबाईला म्हणाले, शेगडी तुझी आहे, तू सांग. तिने एकदा शेगडीकडे बघितलं. मग म्हणाली,

"काढा काका. मना जागा पायजे. घरी चूल नाय पेटली."

काका उठले. हातमोजे चढवले, पत्ती काढली. हे त्यांनी नाइलाजाने केलं की आनंदाने, ते मला आजही सांगता येत नाही. इतके दिवस दाबून ठेवलेला हात होता तो. पत्ती रंगाला लागली. एक खपली उडाली.

तेवढ्यात पांढरे बूट गुलाबबाईला म्हणाले, आणि एक राहिलं. सोमवारी चार माणसांसमोर तू सांगायचं की मासा आदल्या दिवशीचा होता. उन्हाने गेला असेल, तुझ्या लक्षात आलं नाही. एवढंच. तुलाही काही होणार नाही.

कोळणीला हे सांगायचं. पहाटे नवऱ्याने जाळं काढलं, घरून पुलापर्यंत मासा ओल्या फडक्यात आणला, आयुष्यभर गिऱ्हाइकाला कल्ला उघडून दाखवला, आणि चार माणसांत उभं राहून म्हणायचं, मी शिळा विकला. त्या माणसाला वाटलं ही सगळ्यात सोपी अट आहे.

गुलाबबाई पुढे झाली आणि तिने काकांच्या पत्तीखाली, रंगावर, स्वतःचा उघडा हात ठेवला.

काका म्हणाले, "हात काढ, विषारी आहे."

"नाय काढत. यो रंग ऱ्हाऊ दे." मग ती त्या माणसाकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "जागा घ्या तुमची. माझा मासा ताजा होता."

तो हसला आणि गेला. जाताना म्हणाला, बघू किती दिवस. गुलाबबाईने काकांच्या मोरीवर हात धुतला. काकांनी तिला साबण लावून पुन्हा धुवायला लावला, आणि पुन्हा. मग हात मला हुंगायला सांगितला. मी म्हणाले, गेला वास. खरं तर तिच्या हाताला मासळीचा वास होता, तोच तेवढा होता.

जागा परत मिळाली नाही. शेवंती कारखान्यात झाडू मारायला जाते. मथुरामावशी लेकीकडे गेली. गुलाबबाई पाटी डोक्यावर घेऊन वरच्या आळीत फिरते, चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांनी जिने चढते. तिच्या भावाने होड्या रंगवणं सोडलं नाही, पण रंगाचा डबा उघडताना तो आधी वारा कुठून येतोय ते बघतो. साहेबांचा वाढदिवस दर वर्षी होतो. शिलाई मशिनं वाटली, छत्र्या वाटल्या, गेल्या खेपेला पुन्हा शेगड्या वाटल्यात, डोंबिवलीकडे. आतून कुठल्या रंगाच्या होत्या ते मला बघता आलं नाही. मी पोचेपर्यंत त्या वाटून झाल्या होत्या.

काका गेले. शेवटच्या आजारपणात त्यांची खाट अंगणाकडच्या खिडकीपाशी होती आणि तिथून ती शेगडी दिसायची. त्यांनी नंतर कधी तिला पत्ती लावली नाही. ती एक खपली गेली तेवढीच.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे, आणि विनंती म्हणून सांगत नाही. या वर्षी तुम्ही जत्रेला जाल, गाडीवर उभे राहाल, मासा, कणीस, कबाब काहीतरी मागाल. पैसे काढायच्या आधी वाका आणि शेगडीच्या पोटात बघा. तिथे रंग दिसला तर खाऊ नका. समोरच्या बाईवर ओरडू नका, तिची शेगडी उलटवू नका, शिळं आहे म्हणू नका. तिला विचारा, ही तुला कुणी दिली. ती नाव सांगायला घाबरेल. तिच्यापाशी थांबा. आणि तिने सांगितलं की ते नाव तुम्ही तिथे उभं राहून मोठ्याने घ्या, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.